पोर आळशी नाही, हात ऐकत नाहीत



पीक पिवळे पडले की आपल्यापैकी बहुतेक जण पहिल्यांदा काय करतात? युरियाची गोणी फोडतात. कृषी विस्ताराच्या नोकरीत माझी तीस वर्षे एकच गोष्ट सांगण्यात गेली, की बाबांनो, आधी पान बघा. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडते आहे. चुनखडीच्या रानात तर जमिनीत लोह असते, पण पिकाला ते उचलता येत नाही. तिथे युरिया कितीही टाका, पैसा जातो आणि पीक पिवळेच राहते.

हे सांगणाऱ्या माणसाने आपल्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत मात्र पान न बघताच गोणी फोडली. ती हकिगत आज सांगणार आहे. शेतीच्या पानावर हे कशाला, असे कुणी म्हणेल. पण गावोगाव फिरताना अशी पोरे मला ओसरीवर, शाळेच्या कोपऱ्यात, गोठ्याच्या दाराशी दिसतात, आणि त्यांच्याबद्दल घरचे जे बोलतात तेही कानावर येते.

माझ्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, हाक मारली तर वळून बघेना, दाराची कडी हलवत तासन्‌तास बसे. पाचव्या वर्षी शहरातल्या डॉक्टरांनी ऑटिझमचे निदान केले. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. मेंदूच्या जडणघडणीतला हा वेगळेपणा आहे. आईबापांच्या लाडाने, लस टोचल्याने किंवा कुणाची नजर लागल्याने तो होत नाही. अशा मुलांना बोलणे, माणसांत मिसळणे अवघड जाते. एकच गोष्ट पुन्हापुन्हा करावीशी वाटते. आवाज, स्पर्श, उजेड कधी फार खुपतो, कधी जाणवतच नाही.

पुढची तीन वर्षे आम्ही सगळे 'बोलणे' या एकाच गोष्टीच्या मागे होतो. बोलणे थोडेफार आले. एसटीच्या गाड्या आणि त्यांच्या वेळा तर त्याला तोंडपाठ. पण हातात पाण्याचा तांब्या दिला की अर्धे पाणी ओट्यावर. पायरी उतरताना अजून एकेक पाय जुळवून उतरायचा. शर्टाची बटणे लागेनात, चपला उलट्या पायांत. शाळेत अक्षर ओळीत बसेना, पेन्सिलीचे टोक मोडे, कधी कागदच फाटे. गुरुजींचा निरोप आला, "पोरगं हुशार आहे, पण मुद्दाम लिहीत नाही." मेहुणे चिडायचे, "इतक्या गाड्यांच्या वेळा पाठ, आणि तांब्या धरता येत नाही?" बहिणीने एका डॉक्टरांना विचारले, तर उत्तर मिळाले की ऑटिझम आहे, असे चालायचेच.

आणि मी? मी मोठ्या शहाणपणाने सांगितले, "ताई, तुम्ही त्याला फार जपता. कामाला लावा, सवय होईल." मेहुण्यांनी माझे ऐकून त्याच्या हाती दुधाची किटली दिली. दूध वाटेत सांडले आणि पोराला मार बसला. तो मार माझ्या सल्ल्याचा होता.

त्याच वर्षी दिवाळीला मी त्यांच्याकडे होतो. नुकताच भुईमूग निघालेला, अंगणात ओल्या शेंगांचा ढीग. भाच्याला शेंगा जिवापाड आवडतात. सगळे आपापल्या कामात, त्याला कुणी काही सांगत नव्हते. तो एकटाच ढिगाशी बसला आणि एक शेंग उचलून अंगठ्याने दाबू लागला. शेंग निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. दोन्ही हात लावले तर दोन्ही अंगठे एकाच बाजूला. शेवटी त्याने ती दातांत धरली, मग दगडाखाली ठेचली आणि मातीत मिसळलेला दाणा उचलून तोंडात टाकला. मी पाऊण तास बघत होतो. तेवढ्या वेळात त्याच्या पोटात फार तर दहा-बारा दाणे गेले असतील. शेजारची पाच वर्षांची पोर तेवढ्यात ओंजळभर सोलून घेऊन गेली.

मला घाम फुटला. इथे हुकूम कुणाचाच नव्हता, म्हणजे 'ऐकत नाही' हे खोटे. खायची हौस मोठी, म्हणजे 'आळशी आहे' हेही खोटे. शेंग कशी फोडायची हे त्याला ठाऊक होते. पण ठाऊक असलेले बोटांपर्यंत पोहोचत नव्हते. जमिनीत लोह होते, पिकाला उचलता येत नव्हते.

हा स्वतंत्र दोष आहे

पुढे मी वाचले, माहीतगारांना विचारले, तेव्हा कळले की यात नवल काहीच नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ऑटिझम असलेल्या ११ मुलांचे वर्णन केले, त्यातच काही मुलांची चाल बेंगरूळ असल्याची नोंद आहे. मात्र बारीक कामात सगळ्यांचे हात कुशल असतात असे त्यांना वाटले, आणि तो समज पुष्कळ दिवस टिकला. १९४४ साली व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांनी आपल्याकडच्या मुलांचा अवघडलेपणा जास्त ठळकपणे मांडला.

हालचालींचा मेळ न बसण्याच्या या दोषाला इंग्रजी आद्याक्षरांवरून डीसीडी म्हणतात. काही जण डिस्प्रॅक्सिया म्हणतात. ऑटिझम नसलेल्या मुलांतही तो असतो, शाळेच्या वयाच्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांत. पण १९९४ च्या अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाचा नियम असा होता, की मुलाला ऑटिझम असेल तर डीसीडीचे वेगळे निदान करायचे नाही. २०१३ च्या आवृत्तीत हा नियम काढला आणि दोन्ही निदाने एकाच मुलाची होऊ शकतात हे मान्य झाले. नियम बदलला तरी सवय लगेच बदलत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात ६ वर्षांपर्यंतच्या २,०८४ ऑटिझम असलेल्या मुलांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३५ टक्के मुलांत हालचालींची अडचण निघाली. निदान करणाऱ्यांनी मात्र ती कागदावर लिहिली होती अवघ्या १.३ टक्के मुलांच्या बाबतीत. तिकडे ही कथा, मग आपल्या तालुक्याच्या गावी काय असेल?

आपल्याकडे ऑटिझम मोजायला 'इसा' नावाची ४० प्रश्नांची भारतीय पट्टी वापरली जाते. माणसांशी वागणे, भावना, बोलणे, वर्तन, इंद्रियांच्या जाणिवा आणि आकलन असे तिचे सहा भाग. हात हलवत राहणे, गोल फिरणे यांची त्यात नोंद होते. पण बटण लागते का, पायरी कशी उतरतो, चेंडू झेलता येतो का, यासाठी तिच्यात स्वतंत्र भाग नाही. पट्टीचा दोष नाही, ती त्यासाठी केलेलीच नाही. म्हणून हा प्रश्न आईबापांनी आपण होऊन काढावा लागतो.

घरी काय बघायचे

मातीचा नमुना कसा घ्यायचा ते तुम्हाला माहीत आहे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची. बांधाजवळची नको, झाडाखालची नको, उकिरड्याशेजारची नको. मुलाचेही तसेच आहे. पाहुण्यांच्या गर्दीत, तापात, जत्रेच्या दिवशी जे दिसेल त्यावरून काही ठरवू नका. निवांत दिवशी, ओळखीच्या जागी, पंधरा दिवस थोडे थोडे बघा आणि वहीत लिहा. 'धड चालत नाही' असे लिहू नका. 'चार पायऱ्या, कठडा धरून, दर पायरीवर दोन्ही पाय' असे लिहा. डॉक्टरला दुसरी ओळ उपयोगी पडते.

प्रत्येक कामापाशी तीन प्रश्न स्वतःला विचारा. त्याला कळले नाही का? त्याला नको आहे का? की हात-पाय साथ देत नाहीत? निदानाची सगळी गोम यातच आहे, कारण ऑटिझममध्ये पहिली दोन कारणे तिसऱ्याला झाकून टाकतात.

कळले नसेल तर तोंडाने सांगण्याऐवजी करून दाखवा, किंवा चित्र दाखवा. परदेशी चाचण्यांतही असा अनुभव आला आहे, की नुसते तोंडी सांगण्याऐवजी चित्रे दाखवली तर हीच मुले जास्त चांगले करतात. म्हणजे आधीच्या चुकीतला काही भाग न कळण्याचा होता. जो भाग चित्र दाखवूनही उरतो तो हाताचा.

नको असेल तर ज्याची हौस आहे त्या कामात बघा. आमच्याकडे शेंग होती, तुमच्याकडे चॉकलेटचा कागद असेल, डबीचे झाकण असेल. उलटही घडते. माझ्या बहिणीला वाटले, कणीक मळत नाही म्हणजे हात कमजोर. पण त्याला ओल्या पिठाचा चिकट स्पर्शच सहन होत नव्हता. कोरडी वाळू त्याच हातांनी तो मजेत उपसायचा. ही नोंद आम्ही हाताच्या खात्यातून काढून स्पर्शाच्या खात्यात टाकली.

कामे कोणती बघायची? जी घरात रोज होतात ती. भाकरी एका हाताने मोडता येते का, बटण आणि नाडी, तांब्या धरून दहा पावले, पायऱ्यांची चढउतर, उखळ्या-बांधावरून चालताना तोल, एका पायावर उभे राहणे, लंगडी, मोठा चेंडू दोन्ही हातांनी झेलणे, रेघेवरून पेन्सिल फिरवणे. साधारण पाच वर्षांचे मूल मोठी बटणे लावते, पायऱ्या एकाआड एक पायाने चढते-उतरते, थोडी लंगडी घालते. थोडा मागेपुढेपणा सगळ्याच मुलांत असतो. तुमच्या मुलाची तुलना गल्लीतल्या सर्वांत चपळ पोराशी करू नका, चारपाच जणांशी करा. आणि नकला करायला लावून एवढ्यावरच थांबू नका. बाल्टिमोरच्या संशोधकांना २००६ साली आढळले, की ऑटिझम असलेली मुले नक्कल करतानाच चुकतात असे नाही. सांगून केलेल्या हावभावात आणि खरे अवजार हातात दिल्यावरही ती चुकतात.

वाचता वाचता कुणाला वाटेल, हे सगळे झाले की निदान झाले. तसे नाही. पान बघून आपण अंदाज करतो, परीक्षण प्रयोगशाळेत होते.

तज्ज्ञ काय करतात

भाच्याला आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे नेले. मराठीत व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणतात, पण त्यांचा नोकरी-धंद्याशी संबंध नाही. रोजची कामे मुलाला करता यावीत हे त्यांचे शास्त्र. त्याआधी बालरोगतज्ज्ञांनी डोळे, कान, स्नायूंचा ताण, गुडघ्यावरच्या हातोडीला पाय कसा उडतो, हे सगळे तपासले. ही पायरी कधीही गाळू नका. हात-पाय साथ न देण्यामागे दुसरे आजारही असतात आणि ऑटिझमच्या नावाखाली ते लपून राहतात.

काही खुणा अशा आहेत की वहीबिही बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठावा. येत असलेली गोष्ट विसरू लागणे, म्हणजे चालणारे मूल पडू लागणे किंवा हाताने खाणारे खाईनासे होणे. अशा वेळी मुलगी सतत हात चोळत असेल तर ते खास सांगा. शरीराची एकच बाजू वापरणे. दीड वर्ष उलटले तरी न चालणे. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत, जणू अंगावर चढत उठणे, आणि पोटऱ्या फुगीर दिसणे. शेवटची खूण मुलग्यांमध्ये स्नायूंच्या एका गंभीर आजाराची असू शकते. सतत चवड्यांवर चालणे ऑटिझममध्ये पुष्कळ दिसते, तरी तेही एकदा तपासून घ्यावे.

नंतर हालचालींची चाचणी झाली. तिचे नाव मूव्हमेंट असेसमेंट बॅटरी, तेव्हाची आवृत्ती वय ३ ते १६ साठी होती. भाच्याच्या वयाला त्यात भोकांत खुंट्या बसवायच्या, पाटीच्या छिद्रांतून नाडी ओवायची, दोन रेघांमधून पेन्सिल न्यायची, भिंतीवर चेंडू मारून झेलायचा, छोटी पिशवी चटईवर फेकायची, टाचेला चवडा लावून रेघेवरून चालायचे, चटयांवर लंगडी घालायची. गुण त्याच वयाच्या मुलांशी ताडून बघतात. शंभरांत शेवटच्या ५ मध्ये मूल येत असेल तर अडचण पक्की, ६ ते १५ मध्ये असेल तर लक्ष ठेवण्याजोगी. इथे माझा एक आक्षेप आहे. हे आकडे ब्रिटनच्या मुलांवरून बसवलेले. उकिडवे बसणाऱ्या, हाताने जेवणाऱ्या आपल्या पोरांना ते जसेच्या तसे लावणे म्हणजे परक्या जमिनीची खतमात्रा आपल्या रानाला देणे. चांगला तज्ज्ञ हे जाणतो आणि घरची वही मागतो. आमच्या बाईंनी मागितली. त्यांनी चाचणीही दोन दिवसांत विभागून घेतली, पंखा बंद केला कारण त्याचा आवाज पोराला खुपत होता, आणि प्रत्येक काम आधी करून दाखवले. यांतले काहीच न करता वीस मिनिटांत 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारून कुणी मोकळा झाला, तर ती चाचणी झाली असे मानू नका.

चाचणीशिवाय पालकांसाठी १५ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, मूळ कॅनडात तयार झालेली, ५ ते १५ वर्षांसाठी. तिने निदान होत नाही, पुढे तपासावे की नाही एवढे कळते. पाच वर्षांच्या आत डीसीडीचा शिक्का सहसा मारत नाहीत, कारण त्या वयात मुले एकदम पुढे सरकतात. पण शिक्का नाही म्हणून शिकवणेही नाही, असा अर्थ कुणी काढू नये. शिकवणे लहानपणीच सुरू करायचे.

निदानासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. कौशल्य वयाच्या मानाने बरेच मागे हवे, त्याने रोजचे जगणे किंवा शाळा अडली पाहिजे, सुरुवात लहानपणापासूनची हवी, आणि बुद्धीची वाढ, नजर किंवा दुसरा मज्जासंस्थेचा आजार यांनी ते पुरते उलगडत नसावे. भाच्यात चारही जुळल्या.

निदानाने काय बदलले? औषध यावर नाही, आणि कुणी बाटली विकू लागला तर घेऊ नका. जे काम अडते तेच काम तुकडे पाडून शिकवतात. बटण शिकवताना आईने सगळे करायचे, शेवटची ओढ तेवढी मुलाने घ्यायची. ती जमली की त्याआधीचा तुकडा. बहिणीने जुन्या शर्टाची काजे मोठी केली, बटणे जाड लावली. पेन्सिलीला चिंधी गुंडाळली. तांब्याऐवजी अर्धी भरलेली कडीची बादली. गुरुजींना अहवाल दाखवला, त्यांनी दोन पानांऐवजी दोन ओळी मागितल्या आणि बाकीचे तोंडी विचारू लागले. मेहुण्यांचा हात मात्र त्या दिवशी थांबला, ज्या दिवशी त्या बाईंनी त्यांना जाड हातमोजे घालून सुईत दोरा ओवायला सांगितले.

शेतावरच्या एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. अशा पोराला 'सवय व्हावी' म्हणून विळा देऊ नका, कडबाकुट्टीजवळ उभे करू नका. ऑटिझम असलेल्या मुलांना पाण्याची ओढ पुष्कळदा असते आणि त्यात तोल कच्चा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेल्या धडधाकट माणसालाही वर येता येत नाही. तळ्याला कुंपण घाला, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडा.

आता कुठे जायचे ते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते, आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. वाढीतल्या अडचणी त्यात येतात. पथक कधी येणार ते अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारा, त्या दिवशी वही घेऊन हजर राहा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. 'याला ऑटिझम आहे हे माहीत आहे, त्याच्या हालचालींची वेगळी तपासणी हवी,' असे स्पष्ट शब्दांत सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर परीक्षेत लेखनिक, जादा वेळ अशा सवलती मागता येतात. लिहिणे अडणाऱ्या मुलासाठी हे फार मोलाचे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा काही खर्च त्यातून निघतो.

भाचा आता चौदा वर्षांचा आहे. सायकल येत नाही, बहुधा येणारही नाही. बटणे लावतो, गळ्याजवळचे एक तेवढे त्याची आई लावते. यंदा दिवाळीला गेलो तर शेंगांच्या ढिगाशी बसला होता. बहिणीने त्याला सुपारीचा जुना, बोथट केलेला अडकित्ता दिला आहे. शेंग त्यात धरायची आणि दाबायची. पाचदहा शेंगा झाल्यावर त्याने चार दाणे माझ्या हातावर ठेवले आणि विचारले, "मामा, तुझी गाडी किती वाजता?"